वेळासचा कासव महोत्सव: सुरू कसा झाला, आणि एप्रिलमध्ये गेलो तर पिल्लं दिसतील का?

चिंचवडकर

मंडळी, धाग्याचं निमित्त घरगुती आहे. कन्या सातवीत. शाळेनं सुट्टीआधी 'निसर्गाशी जोडलेला उत्सव' असा प्रकल्प दिलाय. वटपौर्णिमा आणि होळी वर्गातल्या निम्म्या मुलांनी आधीच पटकावल्या, म्हणून हिनं कोकणातल्या वेळासचा कासव महोत्सव घेतला, म्हणजे अंड्यांतून निघालेली कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायचा उत्सव. नेटवर शोधलं तर जिथे तिथे तोच मजकूर, आणि त्याखाली 'दोन दिवस एक रात्र, नाश्त्यासह' अशा जाहिराती. सुरुवात कोणी केली, गावकऱ्यांनी मनावर का घेतलं, त्याआधी तिथे काय चालायचं, हे नीट कुठेच मिळत नाही.

दुसरं म्हणजे, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही जायचं म्हणतोय. ऑफिसातला एक मित्र गेल्या वर्षी जाऊन आला. म्हणाला, जेवण फक्कड होतं, कासव मात्र एकही दिसलं नाही. तेव्हा 'नक्की दिसतील' असा काही काळ असतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मीनल_ठाणे

आम्ही दोनदा गेलोय. पहिल्यांदा सकाळी घरट्यांवर पालथ्या घातलेल्या दोन टोपल्या उचलल्या, दोन्ही रिकाम्या. मुलांनी तोंडं पाडली. संध्याकाळी मात्र एकाच टोपलीखाली पिल्लांची झुंबड होती. दुसऱ्या खेपेला काहीच नाही, पण तोवर मुलांना वाळूतल्या खेकड्यांचं वेड लागलं होतं, त्यामुळे कोणी रडलं नाही.

इतिहासाचं मला विचारू नका. आपल्याकडे 'वेळासची सून' आहेत ना, त्यांना हाक मारते. वहिनी, आहात का?

वेळासची सून

आहे, आहे. हंगाम असला की दुपारी अडीच ते चार एवढाच वेळ माझा. पाहुण्यांची जेवणं उरकलीत, भांडी पालथी घातलीत, आता सवडीनं लिहिते. लांबेल, आधीच सांगते.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा कासव हा काही कौतुकाचा विषय नव्हता. पुळणीवर कासवं येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, जसं करवंदं कुठल्या जाळीत चांगली लागतात ते ठाऊक असतं. थंडीच्या दिवसांत पहाटे कोणीतरी किनाऱ्यावर चक्कर मारायचं. मादी रात्री पाण्यातून वर येते, वाळू मागे लोटत सुरूच्या बनाच्या अंगाला जाते, खड्डा करते, अंडी घालते, बुजवते आणि परत जाते. एवढं सगळं तास-पाऊण तासात. मागे राहतो तो तिच्या जाण्यायेण्याचा रुंद माग. तो माग जिथे वळतो तिथे आसपास अंडी. आमचे मामंजी सांगायचे, जुनी माणसं बारीक काठी वाळूत खुपसून बघायची. काठी सहज आत गेली आणि टोक ओलं, चिकट आलं, की तिथे खणायचं. शंभर-सव्वाशे अंडी एका ठिकाणी. काही घरी खायची, काही विकायची. जी माणसांच्या हाती लागायची नाहीत ती कुत्री, कोल्हे उकरायचे.

हे मी वाईट म्हणून सांगत नाहीये. आंबा हातात यायला मे उजाडतो, सुपारीचे पैसे कधी येतील त्याचा नेम नाही, मग फुकट मिळणारी शंभर अंडी कोण सोडील? कायद्यानं गुन्हा होता, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही कासवं पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. पण पुळणीवर कायदा वाचून दाखवायला कोणी येत नव्हतं.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं आली. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी. ती खरं तर कासवांसाठी आलीच नव्हती. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड असतो ना, त्याच्या घरट्यांची पाहणी किनाऱ्याकिनाऱ्यानं चालली होती. वेळासच्या वाळूत त्यांना अंड्यांची फुटकी टरफलं दिसली. चौकशी केली, तेव्हा कळलं की इथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं येतात आणि अंडी मात्र उबवणीपर्यंत पोचतच नाहीत. त्याच हंगामात काम सुरू झालं. पहिल्याच वर्षी पन्नासेक घरटी राखली आणि अडीच हजारांवर पिल्लं पाण्यात सोडली.

आता इथे एक गोष्ट नेटवाल्यांच्या लिखाणात कधी येत नाही. अंडी शोधायला माणसं कुठून आणणार? बाहेरच्याला माग दिसतो, पण अंडी नेमकी कुठे ते समजत नाही. मादी वाळू अशी उडवून टाकते की खड्डा कुठला आणि नुसती उकरलेली जागा कुठली ते ओळखू येऊ नये. ते ओळखणारे डोळे कोणाकडे, तर ज्यांनी आजवर अंडी काढली त्यांच्याकडेच. त्याच माणसांना राखणीला घेतलं. काठी बंद झाली, कारण एक जरी अंडं फुटलं तरी बाकीच्यांना कीड लागते. आता हाताच्या पंज्यानं दाबून बघतात, वाळू भुसभुशीत लागली की बोटांनी हळू उकरतात, आणि अंडी किनाऱ्यावरच्या कुंपणात नेऊन पुन्हा वाळूत पुरतात. पहाटे काळोखात निघायचं, भरतीची रेषा धरून टोकापासून टोकापर्यंत, पाऊस सोडून सगळा हंगाम. महोत्सवाचे फोटो सगळे काढतात, या चालण्याचा फोटो कोणी काढत नाही. मला विचाराल तर महोत्सव म्हणजे हे चालणं, बाकीचा त्याचा खर्च भागवायचा मार्ग.

हो, खर्च. राखणीला माणूस ठेवायचा तर त्याला मजुरी द्यायला हवी. संस्थेनं चार वर्षं ओढलं. पण बाहेरून पैसे येतात तोवरच काम चालणार असेल तर ते गावाचं कसं व्हायचं? त्यातून २००६ मध्ये कासव महोत्सवाची कल्पना निघाली. लोकांनी यावं, पिल्लं समुद्रात जाताना बघावीत, हॉटेलात न उतरता गावकऱ्यांच्या घरी राहावं, घरचं जेवावं, आणि तो पैसा थेट घरात यावा. गावात कासव मित्र मंडळ उभं राहिलं, पाहुणे वेगवेगळ्या घरांत वाटून द्यायची पद्धत पडली.

आमच्या घरी पहिल्यांदा पाहुणे घ्यायचे ठरलं तेव्हा सासूबाई दोन दिवस धास्तावलेल्या. "पुण्यामुंबईची माणसं आपल्याकडे काय जेवतील? कुळथाचं पिठलं वाढू का त्यांच्या पानात?" शेवटी बटाट्याची भाजी आणि श्रीखंड असा बेत केला, श्रीखंड मंडणगडहून आणवून. पाहुणे पडवीत बसले, आमच्यासाठी वेगळं ठेवलेलं कुळथाचं पिठलं त्यांच्या नाकात गेलं, आणि त्यांनी तेच मागून घेतलं. श्रीखंड आम्ही पुढचे दोन दिवस खाल्लं. तेव्हापासून आमच्याकडे ठरलेलं, जे घरात शिजतं तेच पाहुण्याला. पिठलं, भात, कुयरीची भाजी, सोलकढी, सकाळी घावन. शौचालय मात्र नवं बांधलं, ते पाहुण्यांमुळेच. गावातल्या बायकांच्या हातात स्वतःचा म्हणावा असा पैसा आला तो या पडव्यांमधून, आणि त्यामुळे झालेला बदल मी इथे लिहिण्यापेक्षा तुम्ही येऊन बघा.

गावाला दुसरी ओळख आहेच, नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून. पण नानांच्या नावानं कोणी मुक्कामाला येत नव्हतं हो!

राहिला तुमचा 'नक्की'चा प्रश्न, त्याला संध्याकाळी उत्तर देते. गॅसवाला आलाय.

शंकासूर

वहिनी, प्रतिसाद आवडला, पण माझ्या नावाला जागून दोन शंका.

एक, अंडी मूळ जागेवरून उचलून कुंपणात नेणं ही निसर्गात ढवळाढवळ नाही का? लाखो वर्षं कासवं आपापली अंडी घालत आलीत, तेव्हा टोपल्या कोण झाकत होतं? दोन, मी गेलो होतो तेव्हा पिल्लांच्या वाटेला बांधलेल्या दोरीच्या बाहेर माणूसच माणूस. सेल्फी काठ्या, कोणाची पोरं किंचाळतायत, कोणी ड्रोन काढलेला. हा उत्सव कासवांचा की पर्यटकांचा? 'पर्यावरणस्नेही' हा शब्द लावला की सगळं खपतं, असं माझं स्पष्ट मत.

गुहागरी

शंकासूर, पहिल्या शंकेबद्दल मी थोडं लिहितो, आमच्याकडेही हे काम चालतं. अंडी जागेवरच राहू द्यावीत हे तत्त्व म्हणून बरोबरच आहे, आणि जिथे शक्य असतं तिथे तोच प्रयत्न असतो. पण भरतीरेषेच्या आत घातलेली अंडी भिजून कुजतात. आणि लाखो वर्षं म्हणता, तेव्हा किनाऱ्यावर गावची पन्नास मोकाट कुत्री नव्हती.

अवांतर, पण चिंचवडकरांच्या मुलीला उपयोगी: जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवला, तिचं नाव ठेवलं प्रथमा. पश्चिम किनाऱ्यावर असा प्रयोग पहिल्यांदाच होत होता. त्या हंगामात अशा पाच माद्या होत्या, आंजर्ल्याची सावनी, आमची रेवा वगैरे. कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा प्रकल्प. मग २०२३ मध्ये आमच्या किनाऱ्यावरून बागेश्री आणि गुहा सोडल्या. त्यातली बागेश्री खाली दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि कडी म्हणजे २०२१ मध्ये ओडिशात गहिरमाथ्याला ओळखीचा बिल्ला (टॅग) लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असं जे धरून चालत होते त्यांना पुन्हा विचार करायला लागला.

वेळासची सून

गुहागरी, धन्यवाद, माझं अर्धं काम केलंत.

शंकासूर, पहिल्या शंकेचं उरलेलं. अंडी उचलायची म्हणजे बाजारातून बटाटे आणल्यासारखी टोपलीत टाकायची नाहीत. घातल्यावर काही तासांच्या आत हलवावी लागतात. उशीर झाला की आतला जीव कवचाला धरायला लागतो, मग अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो. म्हणून जे अंडं ज्या बाजूनं वर होतं तसंच उचलायचं, खाली घरट्यातलीच वाळू अंथरून. मादीनं केलेला खड्डा दीड-एक फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर असतो. कुंपणात हातानं तसाच खणायचा. मग पाटी लावायची: घरटं क्रमांक, तारीख, अंडी किती. आमच्या दिरांच्या उजव्या हाताची नखं हंगामभर वाळूनं झिजलेली असतात, लग्नकार्यात बायको हात लपवायला सांगते.

आणि यात एक धोका आहे, तोही सांगते, कारण तो जाहिरातीत नसतो. कासवात नर की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू तापली की माद्या जास्त, गार राहिली की नर जास्त. सगळी घरटी एका उघड्या कुंपणात आणलीत तर सगळ्यांना सारखंच ऊन. म्हणून सावलीचा विचार करावा लागतो, कुंपणाची जागा विचारपूर्वक निवडावी लागते. उन्हाळे असेच कडक होत गेले तर हा प्रश्न टोपलीनं सुटणारा नाही.

दुसऱ्या शंकेवर मी तुमच्या बाजूची आहे. दोनचारशे माणसं दोरीला खेटून उभी आणि आत बोटभर लांबीची चार पिल्लं, हे मलाही बरं वाटत नाही. पिल्लं उजेडाकडे जातात. उघड्या क्षितिजावरचा पाण्याचा उजेड त्यांची दिशा. किनाऱ्यालगत मोठे दिवे लागले की ती उलटी, रस्त्याकडे वळतात. म्हणून संध्याकाळी बॅटरी, फ्लॅश चालत नाही, आणि म्हणून किनाऱ्याला चिकटून रिसॉर्ट नकोत. आजूबाजूच्या काही किनाऱ्यांवर आता 'महोत्सव' म्हणून मांडव, लाऊडस्पीकर, खाण्याचे स्टॉल लागायला लागलेत. कासव कमी, कार्यक्रम जास्त. तिथल्या एका आयोजकाला मी म्हटलं, गाणी कशाला लावता? तर म्हणे, लोक कंटाळतात. कंटाळू देत की! थोडं कंटाळल्याशिवाय समुद्र बघून होत नाही.

तरी महोत्सव बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही. २०२० चं सांगते. मार्चमध्ये ऐन हंगामात टाळेबंदी लागली. पाहुणे नाहीत, म्हणजे पैसा नाही. अंडी तर वाळूत होती, पिल्लं बाहेर येणारच. राखण चालू राहिली, टोपल्या रोज उचलल्या, बघायला आम्हीच. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. नारळी-पोफळी आडव्या, घरांवरचे पत्रे, कौलं उडालेली, वीज किती दिवस आली नाही त्याचा हिशेब आम्ही ठेवणं सोडून दिलं. पोफळ पुन्हा लावली तरी धरायला वर्षं जातात. त्या दोनतीन वर्षांत बऱ्याच घरांची चूल चालली ती पुन्हा सुरू झालेल्या पाहुण्यांवर. सांगायचा मुद्दा, ज्या गावाला कासवाचा उपयोग आहे ते गाव वाईट दिवसांतही अंड्याला हात लावत नाही. हे भावनेनं झालेलं नाही, हिशेबानं झालंय, आणि म्हणून टिकलंय.

आता चिंचवडकर, तुमचं 'नक्की'.

अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला साधारण पन्नास दिवस. थंडीतली असली तर जास्त, मार्चमधली असली तर कमी. पाटीवर तारीख असल्यामुळे कुठलं घरटं कधी फुटेल याचा अंदाज बांधता येतो, आणि महोत्सवाच्या तारखा त्या अंदाजावर ठरतात. कासवं कॅलेंडर बघत नाहीत. हल्ली काही वर्षं माद्या उशिरा येतायत, त्यामुळे सगळंच पुढे सरकतं. घरट्याची वेळ जवळ आली की वर टोपली पालथी घालतात, आणि ती दिवसातून दोनदा उचलतात, सकाळी सातच्या सुमाराला आणि संध्याकाळी सहाच्या. मधल्या उन्हात पिल्लं सोडत नाहीत. म्हणजे एक मुक्काम केलात तर तुम्हाला दोन संधी मिळतात, दोन मुक्काम केलेत तर चार. तुमचा मित्र बहुधा सकाळी दहाला पोचून दुपारी जेवून परत गेला असेल. अशांना आमचं जेवणच आठवतं.

एप्रिलचा पहिला पंधरवडा सहसा चांगला. पण निघण्याआधी ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करून 'पाटीवर काय आहे' एवढं विचारा. खरं सांगतील. नाही सांगितलं तर घर बदला.

चिंचवडकर

वहिनी, दंडवत! कन्येनं सगळं वाचलं आणि दोन प्रश्न काढलेत, तिच्याच शब्दांत लिहितो. 'पिल्लांना हातानं पाण्यात का सोडत नाहीत? आणि त्यांची आई त्यांना घ्यायला येते का?'

शिवाय माझा एक: पुण्याहून कसं यावं? आणि आमच्यातले तिघं साठीच्या पुढचे आहेत, म्हणजे आई-बाबा आणि सासूबाई. आम्ही दोघं नवराबायको साठीच्या आतले, पण गुडघ्यांनी नाही.

शंकासूर

सून वहिनींचा हिशेबाचा मुद्दा पटला. गर्दीचा मुद्दा त्यांनीच मान्य केल्यामुळे माझी तक्रार संपली, मत कायम.

वेळासची सून

मुलीला सांगा, प्रश्न चांगले आहेत.

पिल्लांना पाण्यापासून काही फुटांवर वाळूत ठेवतात आणि चालू देतात. त्या चालण्यात त्यांना किनाऱ्याची ओळख पटत असावी असं अभ्यासक मानतात, कारण मोठ्या झालेल्या माद्या आपण जन्मलो त्याच भागात अंडी घालायला परत येतात. आणि पायांना बळही येतं. पहिली लाट आली की पिल्लू उलटं फेकलं जातं, पुन्हा सरळ होतं, पुन्हा निघतं. बघणाऱ्यांतला कोणीतरी हमखास मदतीला धावतो. धावायचं नाही. दोरीच्या आत पाऊल टाकलंत तर आमचे दीर ओरडतात, आणि ते ओरडले की पाहुणा काय, तलाठी असला तरी मागे सरतो.

आई येत नाही. ती अंडी बुजवून गेली की तिचा संबंध संपला. त्याच हंगामात पुन्हा एकदा अंडी घालायला येईल कदाचित, पण या पिल्लांकडे बघणार नाही. हजारातलं एखादं पिल्लू मोठं होतं असं म्हणतात. तुमची मुलगी यावर नाराज होईल, आमचीही झाली होती. तिला सांगा, म्हणून तर आई एका वेळी शंभर अंडी घालते.

येण्याचं असं: पुण्याहून ताम्हिणी घाटानं माणगाव, तिथून म्हाप्रळ, मंडणगड, मग बाणकोटच्या रस्त्यानं वेळास. मंडणगडपासून पुढचा रस्ता वळणांचा, कोणाला गाडी लागत असेल तर आधी पोटभर खायला देऊ नका. हरिहरेश्वर करून येणार असाल तर बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट आहे, गाडीसकट पलीकडे येता येतं, आई-बाबांना ते आवडेल. गावातून पुळणीपर्यंत थोडं चालावं लागतं, शेवटचा तुकडा वाळूचा. सकाळी घाई करू नका. गुडघेवाल्यांनी साडेसहालाच निघावं, म्हणजे सावकाश पोचता येतं. काठी आणा, खुर्ची मिळेल असं नाही. पिल्लं बघण्याच्या जागी पहिली ओळ वाळूत बसते, मागची उभी राहते, तेव्हा मुलीला पुढे बसवा.

आणि उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्री सांगा. आयत्या वेळी मागितलेत तर मिळतील, पण सातची टोपली उचलायला मला येता येणार नाही, नारळ खवत बसावं लागेल.